वाढलेलं तेल

तेल वाढलं होतं.

मी तेल मोजायची पट्टी फडक्याने पुसली, परत नळीत पूर्ण आत घातली, परत काढली. तेलाची कड वरच्या खुणेच्याही वर जाऊन बसली होती. काल ती खुणेला टेकलेली होती आणि त्याच्या आधी खुणेच्या खाली. तेल संपतं, गळतं, जळतं, सांडतं हे सगळं मला माहीत होतं. घरातलं गोडेतेल तर महिना अर्धा व्हायच्या आत बरणीच्या तळाला जातं. पण कुणी न घालता आपणहून वाढलेलं तेल मी जन्मात बघितलं नव्हतं. सकाळची वेळ, चारकोपच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी आलेलं, बायकांची हंड्यांवरून वादावादी चाललेली, आणि मी नव्या कोऱ्या पिकअपचं बॉनेट वर करून, हातात काळी ओली पट्टी धरून उभी. खरं म्हणजे मला भीती वाटायला हवी होती. ही गाडी म्हणजे आमचं सगळं काही होतं. सत्त्याऐंशी सालात असल्या जपानी धर्तीच्या छोट्या गाड्या रस्त्यावर नव्या नव्या आल्या होत्या, आणि दशरथने कंपनीतली ड्रायव्हरची नोकरी सोडून ही घेतली होती. इंडस्ट्रियल इस्टेटमधला माल भरायचा आणि भिवंडीपासून ट्रॉम्बेपर्यंत पोचवायचा, असं त्याचं चाललं होतं. इंजिनाला काही झालं असतं तर आम्ही घरी बसलो असतो. हे सगळं मला कळत होतं, पण आधी वाटली ती गंमतच. मी पट्टी नाकाशी नेली, बोटाने तेल चोळून बघितलं, आणि उगाच वर आकाशाकडे बघितलं, जसं काही तिथून कुणी ओतलं असेल.

दशरथ माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात मात्र दशरथ. मनातल्या मनात कुणाला अहोजाहो करायचं? गाडी ताब्यात घ्यायला आम्ही सगळे गेलो होतो, तेव्हा तो नारळ फोडण्यात आणि चाकांखाली लिंबं ठेवण्यात गुंतला होता, आणि शोरूममधला निळ्या कपड्यांतला माणूस समोर कुणीच ऐकायला नाही म्हणून मलाच सगळं सांगत सुटला. इंजिन थंड हवं, गाडी सपाटीवर हवी, पट्टी काढायची, पुसायची, घालायची, परत काढायची. ही खालची खूण, ही वरची. तेल ह्या दोघींच्या मधे. मी विचारलं, "आणि वर गेलं तर?" तो हसला. "ताई, वर कसं जाईल? तेल म्हणजे काय दूध आहे उतू जायला?" त्या दिवसापासून तेल बघायचं काम माझं झालं. दशरथ आधी चेष्टा करायचा, "नव्याचे नऊ दिवस गं, बघ," म्हणायचा, पण त्याला सकाळी चहा प्यायला तेवढीच उसंत मिळायची म्हणून तो गप्प बसला. गल्लीतल्या बायका मात्र गप्प बसल्या नाहीत. बाई असून बॉनेट उघडते म्हणून त्यांनी माझं सुगंधा हे नाव पुसून मेकॅनिकबाई ठेवलं. ठेवू देत. मला त्या पट्टीचं वेड लागलं होतं आणि ते मी लपवत नव्हते. घरातल्या कुठल्याच प्रश्नाला धड उत्तर नसतं. भाजी आवडली का, तर बरी आहे. जानकी माझी मुलगी, तिला विचारलं शाळेत काय झालं, तर काही नाही. पण पट्टीला विचारलं की ती सरळ सांगायची, आज इथपर्यंत. दिवसभरात माझ्याशी इतकं सरळ कुणी बोलत नसे.

उघडून बघायची खोड मला लहानपणापासूनची. कुडाळच्या बाजूला आमच्या घरी रॉकेलचा डबा असायचा, आणि त्यात किती उरलंय ते बघायला आई झाडूतली हीर काढून आत बुडवायची. हीर जिथपर्यंत ओली, तिथपर्यंत रॉकेल. डबा न ओतता, न हलवता, काळोखातली गोष्ट एका काडीवर लिहून वर यायची, ह्याचं मला एवढं नवल वाटायचं की मी घरातल्या प्रत्येक गोष्टीत हीर बुडवून बघायचे. विहिरीत, ताकाच्या मडक्यात, एकदा तर आजारी म्हशीच्या कानात. म्हशीने लाथ मारली आणि आईने धपाटा. बाबांचं गजराचं घड्याळ उघडलं तेव्हा तर दोन वेळा जेवण मिळालं नाही. आई म्हणायची, "ह्या चेडवाक बगल्याशिवाय जेवण पचना नाय." लग्न होऊन मुंबईला आल्यावर मात्र बघण्यासारखं काही उरलं नाही. डिलाईल रोडच्या चाळीत सगळंच उघडं होतं, सगळ्यांचं सगळ्यांना दिसत होतं, त्यात शोधायचं काय? म्हणूनच असेल, ती पट्टी पहिल्यांदा नळीतून सर्रकन वर आली तेव्हा माझ्या हाताला आईची हीर आठवली. हाताला आठवली असंच म्हणायला हवं, कारण मला स्वतःला ते बऱ्याच वेळाने सुचलं.

तर तेल वाढलं होतं, आणि का ते मला हवं होतं. दशरथला मी लगेच सांगितलं नाही. त्याचा स्वभाव असा की आधी आरडाओरडा, मग विचार. मला उलटं करून बघायचं होतं. आमची गल्ली गटाराच्या बाजूला उतरती आहे, तेव्हा गाडी कलली असेल आणि तेल एका अंगाला जमा झालं असेल, हा माझा पहिला अंदाज. मी दशरथला काहीतरी निमित्त सांगून गाडी मोकळ्या प्लॉटवर लावायला लावली, आणि सकाळी गाडीच्या मागच्या हौद्यात पाण्याने भरलेली परात ठेवून बघितली. पाणी चहूबाजूंनी सारखं. तरी तेल वरच. मग वाटलं, गरम होऊन फुगत असेल. पण रात्रभर उभ्या गाडीत गरम काय असणार? मग पाणी शिरलं असेल असं मनात आलं. म्हणून मी माणिककडे गेले. इस्टेटच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये माणिकचं गॅरेज आहे, दशरथचा जुना दोस्त. मी विचारलं तसा तो जॅकवर चढवलेल्या गाडीखालून अर्धा बाहेर आला. "वहिनी, तेल कमी झालेलं ऐकलंय, वाढलेलं पहिल्यांदाच ऐकतोय. इंजिनात विहीर लागली की काय?" मग त्याने सांगितलं, पाणी मिसळलं तर तेल ताकासारखं पांढरट दिसतं. तसं नाही ना? मग कुणीतरी ओतत असणार. "पण जास्त तेल बरं नाही हां. आतला दांडा त्याच्यात आपटत राहतो, फेस होतो, सील फाटतात, निळा धूर मारायला लागते. मग वाट लागली समजा." मी घरी परत येताना तेच घोळवत होते. कुणीतरी ओततंय. कोण ओतेल? आपल्या गाडीत फुकट तेल घालणारा शत्रू मी कधी ऐकला नव्हता.

त्याच दिवसांत घरात एक चांगली गोष्ट घडत होती, आणि ती मी ह्या तेलाशी जोडलीच नव्हती. माझे सासरे, धाकूमामा, सुधारत होते. मामा मिलमध्ये स्पिनिंग खात्यात ऑइलमन. हातात लांब चोचीची बुधली घेऊन साच्यांच्या, म्हणजे सूत काढायच्या मशीनांच्या, रांगांमधून फिरायचं आणि एकेका जागी तेलाची धार सोडायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ब्याऐंशीचा संप झाला, मिल परत धड सुरू झालीच नाही, आणि मामा घरी बसले ते बसलेच. मग खोली विकून आम्ही चारकोपला आलो, तेव्हा तर त्यांचं बोलणंही बसलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दाढी वाढलेली. जेवायला बोलावलं तर दोन घास. मी कुणाकुणाला विचारून औषधं आणली, काढे केले. आणि आता, गाडी आल्यापासून, मामा रोज सकाळी दाढी करत होते. भाकरी मागून घेत होते. एकदा मी कपडे वाळत घालत होते तेव्हा आत मामा दशावतारातलं काहीतरी गुणगुणत होते, आणि मी चिमटे तोंडात धरून तशीच उभी राहिले. घरात नवी गाडी आली, मुलाचं चांगलं झालं, म्हणून म्हाताऱ्याच्या जिवाला उभारी आली, असं मी धरून चालले. काढ्यालाही थोडं श्रेय दिलं. आपल्या काढ्याला कोण नाही देत?

मग एका सकाळी बॉनेट उघडल्यावर मला इंजिनाच्या वरच्या झाकणाशी एक थेंब दिसला. इंजिनातलं तेल काळं होतं, हा थेंब स्वच्छ होता, पातळ, जरासा पिवळा. मी बोटावर घेतला आणि वास घेतला, आणि माझे डोळे आपोआप मिटले. मी चाळीच्या मोरीत बसले होते. नवी नवरी, हातातला हिरवा चुडा अजून पुरता, समोर बादलीत मामांचा खाकी शर्ट. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी तो वास रोज धुतला होता आणि तो कधी गेला नव्हता. साबण लावा, सोडा लावा, गरम पाण्यात भिजवा, वाळल्यावर परत तोच. हलका, गोडसर, कापसाची धूळ मिसळलेला. त्या वासाची मला आधी किळस यायची, मग सवय झाली, आणि मिल बंद पडल्यावर एक दिवस माझ्या लक्षात आलं की आता कपड्यांना नुसता साबणाचाच वास येतो. त्या दिवशी मला उगाचच चुकल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं तो वास माझ्या नाकातून पुसला गेला होता असं मला वाटत होतं. पण तो माझ्या बोटावर होता, गाडीच्या इंजिनावर पडलेला, ताजा. साच्यांच्या फिरत्या चात्यांना घालायचं तेल. मी बॉनेट खाली केलं आणि पदराने बोट पुसलं.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे जागी होते. बाहेर फटफटायला लागलं होतं, तेव्हा मामा उठले. खिळ्यावरची किल्ली त्यांनी आवाज न करता काढली, कपाटामागून मिलमधून आणून जपलेली तेलाची बुधली काढली, आणि दार अर्धवट लोटून बाहेर गेले. मी दाराच्या फटीला डोळा लावला. चोरून बघणं चांगलं नाही हे मला कळतं, पण माझी आई माझ्याबद्दल खरंच बोलायची. मामांनी आधी गाडीभोवती पूर्ण फेरी घातली, हळूहळू, हात गाडीवरून फिरवत. मग आतली कळ ओढून बॉनेट उघडलं, झाकण फिरवून काढलं आणि बुधलीची चोच आत घालून अगदी बारीक धार सोडली. मान जराशी कलती, जसं काही धारेचा आवाज ऐकत होते. फार नाही ओतलं. झाकण लावलं, फडक्याने आजूबाजूचं पुसलं, बॉनेट दोन्ही हातांनी दाबून बंद केलं, मग हात पत्र्याला लावून कपाळाला लावला. तेव्हा त्यांची पाठ सरळ होती. मी कित्येक वर्षांत मामांची पाठ सरळ बघितली नव्हती. आत येऊन ते परत अंथरुणावर पडले तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

मिलमध्ये तसाच रिवाज होता. मामांनी पूर्वी मला सांगितलं होतं, बोलत असत तेव्हाच्या दिवसांत. पाळी सुरू व्हायच्या आधी ऑइलमनने सगळ्यांच्या आधी आत शिरायचं, मशीनला तेल घालायचं, मग कामगार यायचे. "मशीन उपाशी चलवूचा नाय," ते म्हणायचे. "गावाक आदी बैलाक घालतत, मगे आपण खातत. तसाच ह्या." ते तेल रोज चात्यांवरून उडून जायचं, झिरपायचं, सुतात मुरायचं. आज घातलेलं उद्या नसायचं. म्हणून रोज ऑइलमन लागायचा. तीस वर्षं त्यांनी एकही मशीन उपाशी सुरू होऊ दिलं नव्हतं, आणि आता दारात मशीन उभं होतं आणि त्यांचा मुलगा रोज सकाळी ते तसंच सुरू करून घेऊन जात होता. त्यांनी लपून का घालावं, हेही मला ठाऊक होतं. गाडी घरी आली त्या दिवशी मामांनी कौतुकाने बॉनेट उघडायला हात घातला, आणि दशरथ सगळ्या गल्लीसमोर खेकसला, "बाबा, हात नका लावू हां. हे मिलमधलं मशीन नाही." नव्या गाडीच्या काळजीने बोलला तो, मनात काही नव्हतं त्याच्या. मामांनी हात मागे घेतला आणि धोतराला पुसला. हात स्वच्छच होता.

आता मला कळलं होतं, आणि कळून मी अडकले होते. सांगितलं तर मामा परत भिंतीकडे तोंड करतील. नाही सांगितलं तर इंजिन जाईल. मी काही दिवस नुसती पट्टी बघत राहिले. तेल रोज केसभर वर. मध्ये एकदा मला वाटलं, आपणच खालून थोडं काढून टाकावं, ते घालतील आणि मी काढीन, आणि चालू दे असंच. पण खालचा नट माझ्याने हलेना. आणि मग गाडीने निळा धूर सोडला. दशरथ संध्याकाळी घरी आला तो तणतणतच. "इंजिनच फालतू गळ्यात मारलंय साल्यांनी! सोमवारी शोरूमला नेतो. त्यांच्या माणसांसमोर खोलायला लावतो. बघतोच!" मामा कोपऱ्यात जानकीला पेन्सिलीला टोक करून देत होते. त्यांनी मान वर केली. "काय झाला रे गाडयेक?" दशरथ म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं, बाबा." मी ताट वाढत होते. माझ्या डोळ्यांसमोर शोरूम उभं राहिलं. तिथे तेल काढतील, बघतील, हुंगतील, आणि निळ्या कपड्यांतला माणूस विचारील, हे कुणी ओतलं? आणि दशरथला तिथे, परक्यांच्यात कळेल. तसं होऊ द्यायचं नाही एवढं तरी मला नक्की कळत होतं.

रविवारी दशरथ बाजारात गेल्यावर मी मामांना म्हटलं, "मामा, जरा बाहेर या. तुम्हाला एक दाखवायचंय." ते आले. मी बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, घातली, काढली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "ही खालची खूण, ही वरची. तेल ह्यांच्या मधे हवं." मामांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे वळून बघितली. बराच वेळ बघितली.

"वर गेला," ते म्हणाले. "बोटभर वर."

"हो."

"कधीपासून?"

"गाडी आल्यापासून. थोडं थोडं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुका म्हायत होता."

"हो, मामा."

"मगे गप कित्याक रवलंस?"

तुम्ही गात होतात म्हणून, असं कसं सांगायचं? मी फडक्याची घडी घालत राहिले. मामा परत पट्टीकडे बघायला लागले, आणि मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती रागाची नव्हती. तशी आठी मी माझ्याच कपाळावर आरशात बघितलेली आहे.

"पण जाता खंय तेल? गाडी रोज चलता. मशीन चलला म्हंजे तेल खातला."

"खात नाही, मामा. खाली इंजिनाच्या पोटाशी भांडं आहे, त्यात ते साठतं. पंप वर ओढतो, सगळीकडे फिरवतो, आणि तेच परत खाली येतं. परत वर."

"तेच?"

"तेच."

मामा चक्क गुडघ्यांवर बसले आणि वाकून गाडीखाली बघायला लागले. कुठे साठतं? पंप कुणाच्या जोरावर फिरतो? वर चढताना वाटेत गार होतं की गरम? मला येत होतं ते मी सांगितलं, नव्हतं येत तिथे दोघं मिळून अंदाज बांधले. त्यांनी मला इंजिन एकदाच, थोडं सुरू करायला लावलं, आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावून ऐकत राहिले. "फिरता," ते म्हणाले. "आयकाक येता गो! वर जाता आणि खाली येता." त्यांचा चेहरा एवढा खुलला की मी सगळं विसरले. दोघांच्याही हातांना काळं लागलं होतं, गल्लीतून जाणारी येणारी माणसं बघत होती, आणि मला लहान झाल्यासारखं वाटत होतं. मग मी इंजिन बंद केलं. मामा तसेच उभे होते, स्क्रू-ड्रायव्हर हातात.

"मगे ह्येका ऑइलमन कित्याक?" ते म्हणाले.

"बघायला लागतं ना, मामा. रोज."

"नुसता बगूचा?"

"नुसतं बघायचं."

"बगूक तू आसस." एवढं बोलून ते आत गेले. मी बॉनेट बंद केलं.

दुपारी जेवताना मामांनी स्वतःच सांगितलं. "दशरथा, तेल मी ओती होतंय. सुगंधाचो काय दोष नाय." दशरथचा घास हातात राहिला. तो ओरडेल म्हणून मी जानकीला पाणी आणायला पाठवलं. पण तो ओरडला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे. शेवटी तो म्हणाला, "उद्या माणिककडे नेतो. सगळं काढून नवीन घालू." आणि जरा वेळाने, खालच्या आवाजात, "सांगायचं तरी, बाबा." मामा म्हणाले, "सांगून तू ओतूक दिलं असतंस?" दशरथ भात कालवत राहिला. मला वाटतं, त्याला तो बॉनेटवरचा हात आठवला असावा. माणिकने तेल बदललं, धूर थांबला, इंजिनाला काही झालं नव्हतं. नशीब म्हणायचं. माणिक म्हणाला, अजून महिनाभर गेला असता तर बोंबलला असतात.

त्यानंतर पहाटे दाराचा आवाज येईनासा झाला. मामा जागे असायचे, मला कळायचं, पण उठायचे नाहीत. दाढी परत वाढायला लागली. मी म्हटलं, "मामा, चला, तेल बघूया," तर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू बग. तुका येता." मी एकटी गेले. पट्टी वर आली, तेल बरोबर दोन खुणांच्या मधे, माणसाने रेघ ओढावी तसं. इतके दिवस मी हेच व्हावं म्हणून जिवाचं रान केलं होतं, आणि ते झालं होतं, आणि मला तिथेच रस्त्यात उभं राहून रडू आलं. हंडा घेऊन चाललेल्या एका बाईने विचारलं, "काय झालं, मेकॅनिकबाई? गाडी बिघडली का?" मी म्हटलं, "नाही हो, बरोबर आहे." मामांचं मला वाईट वाटत होतं, आणि त्यांचा रागही येत होता. यायला काय झालं होतं? मी बोलावत होते ना? पण बोलावून कुठे काय होतं. मला येतं तोवर ते येणार नव्हते. हे माझ्या डोक्यात आलं आणि मी ते झटकून टाकलं, कारण त्याच्या पुढचं मला दिसायला लागलं होतं आणि ते मला नको होतं. सकाळची ती पाच मिनिटं माझी होती. तेल आता नवीन होतं, मधासारखं, रोज थोडं थोडं काळपट होत चाललेलं. ते आज किती काळं झालं हे बघायला मी रात्रीपासून उत्सुक असायचे. सगळ्या दिवसात माझं म्हणून एवढंच होतं. मी कितीतरी दिवस तसेच ओढत नेले. मामा जेवायला उठेनात तेव्हा मी ठरवलं.

सकाळी मी बाहेर गेले, तेल बघितलं. बरोबर होतं. त्या दिवशी मी पट्टीवरची तेलाची कड जरा जास्तच वेळ बघून घेतली. मग आत आले. "मामा, आज तेल खालच्या खुणेच्या खाली गेल्यासारखं वाटतंय. मला नीट दिसेना."

"पुसून बगलंस?" भिंतीकडूनच आवाज आला.

"बघितलं. दोनदा."

"गाडी सपाटीर हा?"

"आहे हो. पण ह्यांना आत्ता निघायचंय. कसं सोडू?"

मग मामा उठून बसले, चष्मा शोधला आणि बाहेर आले. त्यांनी पट्टी काढली, माझ्या हातातलं फडकं घेऊन पुसली, घातली, काढली. उजेडाकडे वळले. परत एकदा तसंच केलं.

"बरोबर हा," ते म्हणाले. "तुझे डोळे गेले काय गो?"

"असेल, मामा."

"ह्या असा चलाचा नाय. उद्या सांगशीत कमी हा आणि ओतशीत. तू रवांदे. मी बगतलंय." त्यांनी फडकं माझ्याकडे परत दिलं नाही, आपल्या खांद्यावर टाकलं.

तेव्हापासून मी गाडीच्या तेलाला हात लावलेला नाही. सकाळी मी ओट्याशी असते आणि बाहेर बॉनेटचा पत्रा वाजतो. माझा हात पिठात थांबतो. आज कुठवर असेल, रंग कसा झाला असेल, हे मला इतकं जाणून घ्यावंसं वाटतं की जीव तळमळतो. मामा आत येतात आणि "बरोबर हा" एवढंच म्हणून चहा मागतात. दाढी केलेली असते. एका रविवारी दशरथ गाडी धूत होता आणि मी बादली भरून द्यायला बाहेर गेले. मामा बॉनेटमध्ये वाकलेले होते. दशरथ हसून म्हणाला, "काय गं, तेल बघणं सोडलंसच? एवढी हौस होती. म्हटलं नव्हतं मी, नव्याचे नऊ दिवस?"

"तसं नाही हो. आताशा मला जवळचं नीट दिसत नाही."

"तिशीतच?"

मामांनी पट्टी पुसली. मान वर न करता ते म्हणाले, "दिसता तिका. सगळा दिसता." आणि पट्टी नळीत खाली सरकवली.